लूप मारला, मशीन चाललं, झोप गेली

या आठवड्याचं पत्र जुळे सोलापुरातून आलंय, फॅक्टऱ्यांना दाबाखालची हवा पुरवणारी कंप्रेसर मशीन दुरुस्त करणाऱ्या एका पोराचं. नाव नको म्हणालाय म्हणून देत नाही, आणि थोडं कापून देतोय.

"काका, वय २७, डिप्लोमा मेकॅनिकल. एका डीलरकडं स्क्रू कंप्रेसरचा ब्रेकडाऊन सर्व्हिस इंजिनिअर म्हणून साडेतीन वर्षं झाली. मी आणि एक हेल्पर, एवढ्यावरच सोलापूर, धाराशिव, पंढरपूर, तिकडं विजापूरपर्यंतचे कॉल. कॉल आला की गाडी काढतो, या ब्रेकडाऊनच्या नोकरीनं जीव गेलाय. पगार १९ हजार आणि बाईकचा टीए (प्रवासभत्ता). मुलगी ७ महिन्यांची आहे, बायको म्हणते तुम्ही घरात असता पण फोनवरच असता. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याकडं २ महिन्यांत ४ वेळा गेलो, दर वेळी एकच फॉल्ट, हाय टेम्परेचर ट्रिप, म्हणजे मशीन तापून आपोआप बंद. चौथ्या वेळी रात्री साडेअकराला मालक म्हणाला, 'कसंबी कर बे, पण चालव, सकाळी माल जायचाय.' मी पॅनलमधे टेम्परेचर स्विचला लूप मारला, म्हणजे वायर जोडून तो बायपास केला, आणि रिपोर्टमधे नुसतं 'मशीन रनिंग ओके' लिहून आलो. आज ९ दिवस झाले. तिथले ऑपरेटर काका रोज फोन करून सांगतात, साहेब मशीन एकदम मस्त चाललंय. मला झोप लागेना झालीय. चाकणला मेंटेनन्सची जागा आहे, मित्र बोलावतोय. जाऊ का?"

भावा, चाकणचं मागाहून बोलू. हे वाचतोयस ना, तर इथंच थांब, मोबाईल उचल आणि त्या टॉवेलवाल्याला फोन लाव की सकाळी ८ ला मी येतोय, तोवर मशीन बंद ठेवा. ठेवणार नाहीत बहुतेक. पण तू सांगितलेलं असलं पाहिजे, आणि फोन ठेवल्यावर तेच व्हॉट्सॲपवर लिहून टाकलेलं असलं पाहिजे, कारण सोलापुरात फोनवरचं बोलणं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

तुला हे माहीत आहे, पण सदर तुझ्यासारखी अजून पोरं वाचतात म्हणून लिहितो. स्क्रू कंप्रेसरमधे हवेबरोबर तेलही फिरत असतं, तेच थंड करतं, तेच सील करतं, तेच बेअरिंगला जातं. धडधाकट मशीनचं डिस्चार्ज टेम्परेचर, म्हणजे दाबून बाहेर पडणाऱ्या हवा-तेलाचं, साधारण ८० ते ९५ डिग्रीच्या आसपास असतं आणि बहुतेक मशीन ११० च्या आगेमागे स्वतःहून ट्रिप होतं. तो स्विच म्हणजे शेवटचा राखणदार. तू त्याला हाकलून दिलास आणि आता दाराला कुणीच नाही. तेल कमी झालं, तेल थंड करणारा कूलर अजून चोक झाला, तरी मशीन कुणाला काही सांगणार नाही, चालतच राहणार. एअरएंड, म्हणजे हवा दाबणारे स्क्रू असतात तो भाग, जाम होणं हा त्यातला स्वस्तातला शेवट, म्हणजे लाखातला. महागातला शेवट वेगळाय. सेपरेटर म्हणजे तेलानं भिजलेलं जाळीचं भांडं, त्यातून दाबाखालची गरम हवा जाते, आणि तेल जास्त तापलं की तिथं आतल्या आत पेट घेऊ शकतं. हे आपल्या लाईनमधे सगळ्यांना माहीत असतं, पण रात्री साडेअकराला कुणालाच आठवत नाही.

आणि ते ऑपरेटर काका. मी बघितलेल्या निम्म्या फॅक्टऱ्यांत ऑपरेटर दुपारचा डबा कंप्रेसर रूममधेच खातो, कारण तिथं एक मोडकी खुर्ची असते, टेबल फॅन असतो आणि मालक तिकडं फिरकत नाही. तुला झोप का लागत नाही ते मला विचारू नको, तुला ठाऊक आहे. मशीन मस्त चाललंय म्हणून जो माणूस रोज फोन करतो तोच त्याच्या शेजारी बसलेला असतो.

सकाळी गेल्यावर आधी लूप काढ. मालक ओरडेल, ओरडू दे, त्याचं ओरडणं रास्तच आहे, ४ वेळा येऊन काम झालं नाही तर मी पण ओरडलो असतो. मग नवा रिपोर्ट लिही, त्यात साध्या मराठीत लिही: अमुक तारखेला टेम्परेचर स्विच बायपास केला होता, आज काढला, कारण सापडेपर्यंत मशीन चालवणं धोक्याचं आहे. तारीख, वेळ, तुझी सही, त्यांची सही. सही देत नसतील तर 'सही देण्यास नकार' असं लिही, फोटो काढ आणि ऑफिसला पाठव. आणि ऑफिसला पाठवायच्या आधी तुझ्या सर्व्हिस मॅनेजरला स्वतः सांग. पार्टीकडून त्याच्या कानावर गेलं तर तू लपवलंस असं होईल, तू सांगितलंस तर तू चुकलास आणि निस्तरलंस एवढंच राहील. बोलणी बसतील. बसू देत.

आता त्या ४ फेऱ्यांचं, कारण माझ्या मते तुझं खरं दुखणं तिथंय. तू लिहिलंयस की ब्रेकडाऊनच्या नोकरीनं जीव गेलाय. मला तसं दिसत नाही. तुला ब्रेकडाऊन खात नाहीये, तुला रिपीट कॉल खातोय. पहिल्या फेरीत रीसेट मारला, दुसऱ्या फेरीत तेल टाकलं, तिसऱ्या फेरीत कूलरला वरवर हवा मारली, हो ना? तू लिहिलेलं नाहीस पण असंच झालं असणार, माझंही असंच व्हायचं. प्रत्येक वेळी मशीन चालू झालं की आपण खूश, कारण अजून दोन कॉल पेंडिंग असतात आणि हेल्पर सारखा घड्याळ बघत असतो. मशीन चालू करणं आणि ते बंद का पडलं ते शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि आपल्याला पगार पहिल्याचाच मिळतो असं आपण धरून चालतो. कारण सापडत नाही, मग पार्टीचा धीर सुटतो, आणि धीर सुटलेल्या पार्टीसमोर आपण लूप मारतो. तुझा लूप चौथ्या रात्रीचा नाहीये, पहिल्या फेरीतच त्याची सुरुवात झाली होती.

माझी गोष्ट सांगतो, १५-१६ वर्षं झाली. चिंचोळी एमआयडीसीत एक पार्टी, एप्रिलचा महिना, हाच फॉल्ट. तीनदा गेलो. तेल बदललं, कूलर धुतला, तेल गरम झालं की ते कूलरकडं सोडणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पण नवा टाकला, बिल झालं. चौथ्यांदा सकाळी १० ला पोचलो तर मशीन माझ्यासमोर ८८ डिग्रीवर गुपचूप चालतंय, जसं काही झालंच नाही. मी पाने आवरायला लागलो होतो, तेवढ्यात हेल्पर म्हणाला साहेब चहा सांगितलाय, म्हणून बसलो, आणि चहा येईना म्हणून बसूनच राहिलो, मग जेवायची वेळ झाली म्हणून तिथंच कडक भाकरी काढली. अडीचला काय झालं, तर हमाल आले आणि तयार मालाचे गठ्ठे आणून मशीनच्या मागं रचायला लागले, जिथून कूलरची गरम हवा बाहेर जाते नेमकं तिथं. कारण पाचला ट्रक लागतो आणि शेडमधे तेवढीच सावलीची जागा. गठ्ठे छातीएवढे झाले, गरम हवा त्यांच्यावर आपटून मागं फिरली आणि मशीन तीच हवा परत ओढायला लागलं. मी थर्मामीटर सक्शनच्या, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या, जाळीला धरला, बाहेर अंगणात ४१ आणि जाळीवर ५३. बहुतेक मशीन ४५ डिग्रीपर्यंतच्या हवेच्या हिशेबानं बनवलेलं असतं. सव्वातीनला माझ्या डोळ्यांदेखत ट्रिप झालं. संध्याकाळी ट्रक भरला की गठ्ठे गायब, आणि आम्ही कायम सकाळी जाणार, त्यामुळं आम्हाला भिंत मोकळीच दिसणार.

त्या मशीनमधे काहीच बिघडलेलं नव्हतं. जमिनीवर पिवळ्या रंगाचा पट्टा मारून घेतला, इथं माल ठेवू नये, एवढंच काम होतं. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं बिल मात्र पार्टीनं भरलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तुझ्या टॉवेलवाल्याकडं कदाचित गठ्ठे नसतील, तिथं रुई असेल. टॉवेलच्या फॅक्टरीत हवेत रुई असतेच, आणि कूलरच्या फिन्सवर थोडं तेल असलं की ती रुई तेलात बसून घोंगडीसारखा थर होतो, तो बाहेरून दिसत नाही, आत बसतो. समोरून हवा मारलीस तर तो अजून आत जातो. हवा ज्या बाजूनं जाते त्याच्या उलट बाजूनं मारायची, आणि प्रेशर बेतानं, नाहीतर फिन्स आडव्या होतात. आणि झाल्यावर पलीकडून टॉर्च लावून बघ, इकडून उजेड दिसला तरच कूलर साफ झाला असं म्हण, नाहीतर नाही. टेम्परेचर गन असेल तर कूलरमधे शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या तेलाच्या पाईपवर धर. शिरताना गरम आणि निघताना पण जवळपास तेवढंच गरम, तर कूलरची हवेची बाजू. मशीन तापलंय पण कूलरमधे शिरणारा पाईपच तेवढा गरम नाही, तर तेल तिकडं जातच नाहीये, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह अडकलाय. आणि एक, डिस्चार्जवर गन धरून बघ की खरंच ११० होतंय का. ९२ ला ट्रिप होत असेल तर स्विचच खराब आहे, मग नवा स्विच टाक, पण स्विच, लूप नाही.

तेलाचं पण विचार. मालकानं मधेच बाजारातल्या ड्रममधलं तेल टाकलंय का? सिंथेटिकमधे, विशेषतः ग्लायकॉल बेसवाल्या तेलात, मिनरल मिसळलं की गाळ होतो आणि तो गाळ कूलरच्या नळ्यांत जाऊन बसतो, मग वरून कितीही हवा मार. आणि टाकलं नसेल तरी ९ दिवस बायपासवर चाललंय, तर तेल आणि ऑईल फिल्टर बदलूनच घे, सेपरेटर बघ. तेल नेहमीपेक्षा दर १० डिग्री जास्त गरम चाललं की त्याचं आयुष्य निम्मं होत जातं, हा आपल्या लाईनमधला जुना हिशेब आहे.

खोलायच्या आधी मेन आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, त्याला तुझं स्वतःचं कुलूप, किल्ली तुझ्या खिशात, आणि गेज शून्यावर येईपर्यंत हात लांब. घाईत हे चुकतं. ७ किलो प्रेशर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो, ऐकायला काहीच वाटत नाही, पण १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरच्या झाकणावर ते ७०० किलो होतं, म्हणजे एक चांगली म्हैसच की. आणि आत उकळतं तेल.

आता फोनचं. तू लिहिलंयस कॉल आला की गाडी काढतो. काढू नको. आधी १० मिनिटं फोनवर घालव. डिस्प्लेवर काय लिहिलंय त्याचा फोटो मागव, तेलाची पातळी दाखवणाऱ्या साईट ग्लासचा फोटो मागव, आवाजाचा व्हिडिओ मागव, आणि दोन प्रश्न विचार जे कुणी विचारत नाही: कुठल्या वेळेला बंद पडतं, आणि बंद पडायच्या आधी कुणी काय हलवलं. पार्टी पहिल्यांदा 'काही नाही केलं' म्हणते, मग थोड्या वेळानं 'तेवढं एक फक्त' असं सुरू होतं, आणि त्या 'तेवढं एक फक्त' मधेच सगळं असतं. इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय, एक फेज गेलाय, फिडरचं काम चालू होतं आणि फेज उलटे लागलेत म्हणून रिले चालू देत नाहीये, अशा कॉलसाठी मी स्वतः पंढरपूरपर्यंत जाऊन आलोय आणि गाडीवर बसून स्वतःलाच शिव्या दिल्यात. (येताना दर्शन झालं एवढंच पुण्य.)

आणि एक वही घाल. मोबाईलमधे नको, वहीच. तारीख, पार्टी, त्यांनी काय सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, तुला काय सापडलं, ते का झालं असेल, आणि परत होईल का. शेवटचा रकाना महत्त्वाचा, तो भरताना खोटं बोलता येत नाही. ३ महिन्यांनी मोज की किती कॉल दुसऱ्यांदाचे होते आणि किती फोनवर मिटले असते. मग ती वही घेऊन मॅनेजरकडं जा. 'साहेब लोड फार होतोय' म्हणून कुठल्या मॅनेजरनं कधी माणूस वाढवलाय? पण वॉरंटी आणि एएमसीतल्या (वार्षिक देखभाल करारातल्या) रिपीट कॉलचं पेट्रोल, टीए, पार्ट सगळं डीलरच्या खिशातून जातं, ते आकड्यात दिसलं की कान टवकारतात. तिथं दोनच गोष्टी माग, तिसरी मागू नको. एक, रात्रीचे कॉल आठवड्याआड, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी घ्यायचे, मग ते मॅनेजर स्वतः घेवोत. दोन, रात्री ४० किलोमीटरच्या पुढं बाईकवर जाणार नाही, गाडी द्या नाहीतर पहाटेच्या एसटीनं जातो.

दुसरं मी उगाच म्हणत नाहीये. आपल्या जिल्ह्यात ३० च्या वर साखर कारखाने, नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, असला तर उसाच्या पाल्यात झाकलेला. मोहोळकडून येताना एकदा माझ्या हेडलाईटमधे ऊस दिसला तेव्हा ट्रॉली चार हातांवर होती. त्या रात्री ज्या पार्टीकडं गेलो होतो तिचं नावसुद्धा आज आठवत नाही.

घरचं मी फार सांगणार नाही, माझं मलाच नीट जमलं नव्हतं. एकच विचारतो, लूपचं बायकोला सांगितलंस का? मला वाटतं नसशील सांगितलं. ९ दिवस तू घरात गप्प फिरतोयस आणि तिला वाटतंय हा माझ्यावर चिडलाय नाहीतर फोनमधेच आहे. आज रात्री सांग. ती इंजिनिअर नसली तरी 'आग लागू शकते' एवढं तिला कळतं.

मग आता चाकण. जा म्हणत नाही, जाऊ नको पण म्हणत नाही. तिथं शिफ्ट संपली की संपली, रात्री कुणी बे म्हणून फोन करणार नाही, ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नको. पण पगाराचा आकडा ऐकताना तिथलं घरभाडं, मुलीला घेऊन जायचं का इथं ठेवायचं, आणि ऑफर लेटरवर कंपनीचं नाव आहे का कॉन्ट्रॅक्टरचं, हे तिन्ही कागदावर मांडून बघ. आणि कंपनीत तुला तीच २० मशीन रोज दिसतील, इथं तू वर्षाला शंभर ठिकाणची बघतोस. पुढं स्वतःचं सर्व्हिसचं काम टाकायचं डोक्यात असेल तर ही शंभर ठिकाणं भांडवल आहेत, नसेल तर नुसती पायपीट आहे. ते तुझं तू ठरव. माझं म्हणणं एवढंच की लूप तसाच ठेवून जाऊ नको, आणि वही भरल्याशिवाय जाऊ नको. मॅनेजरनं वही बघून पण दोन्ही गोष्टी नाकारल्या, तर मग खुशाल जा, मला विचारायला पण थांबू नको. मुलाखतीत तीच वही टेबलवर ठेव.

बाकी काही राहिलं असेल तर परत लिही. आणि मालकाला फोन झाला की दुसरा फोन त्या ऑपरेटर काकांना कर. त्यांना सांग की मशीन मस्त नाहीये, ते मी गप्प केलंय, आणि मी येईपर्यंत डबा बाहेर झाडाखाली बसून खा.